नळाच्या मागची खूण

मी एक जुना पाना आहे. जे फिरत नाही ते फिरवणे हा माझा धंदा. सध्या मात्र मी मुद्देमाल आहे. गळ्यात चिठ्ठी, अंगावर लाखेचा शिक्का. इतका मान मला कामात असताना कधी मिळाला नाही.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा माझे सगळे दात शाबूत होते. माझा मालक प्लंबर. तो मला तेल पाजून सांभाळायचा. एकदा त्याच्या आईने हातोडी सापडेना म्हणून मलाच वापरून भिंतीत खिळा ठोकला. खिळा वाकला, माझा एक दात कायमचा गेला.

पुढे कितीतरी महिन्यांनी एका दुकानाचे कुलूप पिरगळून चोरी झाली. आदल्याच दिवशी मालकाने तिथला पाइप बसवला होता. त्यामुळे तो आत गेला आणि मीही. कुलपावरच्या खुणांत सगळे दात उमटले होते. म्हणजे तो पाना मी नव्हेच. पण कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "कुलूप तोडतानाच दात पडला." आईने खिळ्याची हकिकत सांगितली. आईच ती, तिचे कोण ऐकणार?

तेवढ्यात मालक न्यायाधीशबाईंना म्हणाला, "बाईसाहेब, चोरीच्या आधी या कोर्टाच्या स्वच्छतागृहातला नळ मी याच पान्याने बसवलाय."

"मीच बोलावलं होतं," शिरस्तेदार नाइलाजाने म्हणाले. "नंतर कुणी हात लावला नाही. गळलाच नाही."

नळावर एक दात सोडून खूण असेल, तर तो दात चोरीच्या आधीच गेला होता. न्यायाधीशबाई उठल्या. मागून वकील, पोलीस आणि ताटात मी. पट्टेवाल्याने पुरुषांच्या स्वच्छतागृहाचे दार ठोठावले. "आत कोण आहे? बाहेर या. कोर्ट येतंय."

एक साक्षीदार हात न धुताच बाहेर पडला.

बोळात आईने मालकाची बाही ओढली. "नळाला चिंधी गुंडाळली होतीस का रे?"

"नेहमीच गुंडाळतो. नाहीतर चकाकीवर दात उमटतात."

"नेहमी? आळस म्हणून कधीच नाही?"

"तूच तर वळण लावलंस, आई."

आईने भिंतीला हात टेकला. जन्मभर लावलेले वळण आज मुलाला तुरुंगात घालणार होते.

नळ आरशासारखा लखलखत होता. एक ओरखडा नाही. सरकारी वकिलांनी त्यात बघून केस सारखे केले. मालकाचे ओठ पांढरे पडले. मला ओरडायचे होते, पण पान्याला जबडा असतो, आवाज नसतो.

न्यायाधीशबाई ओल्या फरशीवर गुडघा टेकून खाली वाकल्या. नळामागे, भिंतीलगतच्या नटावर त्यांनी बॅटरी धरली. तिथे माझे दात उमटले होते. ओळीत. मधला एक सोडून.

"इथे चिंधी नव्हती?" त्यांनी विचारले.

मालकाने मान खाली घातली. "जेवायची वेळ झाली होती, बाईसाहेब. मागचं कोण बघतंय म्हटलं."

आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच रडू लागली.

मालक सुटला. नट पुरावा म्हणून काढून नेला, तेव्हापासून नळ धो धो वाहू लागला. दुरुस्तीला मालकालाच बोलावले. तो उसना पाना घेऊन आला, कारण अपिलाची मुदत संपेपर्यंत मला हलवायचे नाही. जाताना त्याने मुद्देमालाच्या खोलीच्या जाळीतून माझ्याकडे पाहिले. माझ्यावर गंज चढला होता. शिक्का मात्र ठणठणीत.

मित्रांनो, हत्यारांना तेल देत जा. चिंधी गुंडाळत जा, मागच्या नटालासुद्धा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघा. कपडे थोडे ओले होतात. बाईसाहेबांचेही झाले होते.