पडली की संपलं

ताईकडून काही कबूल करून घ्यायचं असेल तर तिच्या प्लास्टरच्या खोलीत जावं लागतं. घरी ती अर्धं बोलणं ऐकून उठून जाते. हॉस्पिटलात निदान तिचे दोन्ही हात अडकलेले असतात. त्या दुपारी ती एका रडव्या मुलाच्या हाताला कापूस गुंडाळत होती. बादलीत कोमट पाणी, टेबलावर पट्ट्यांचे रोल, फरशीवर पांढरे ठिपकेच ठिपके. प्लास्टर बसलं तशी ती म्हणाली, "बोटं हलवून दाखव, राजा." मुलाने हलवली, आणि ताईचं समाधान झालं. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला हे करून दाखवावं लागतं.

"रविवारी भिंगरीला खरा उतार देऊ या का?" मी विचारलं.

भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी, माझी भाची. एका जागी बसेल तर शपथ. बीएमएक्सची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची लहान सायकल मीच तिला आणून दिली होती. सपाट मैदानावर पेडलवर उभं राहणं, वळणावर झुकणं, सगळं शिकवून झालं होतं. आता उरला होता तो ट्रॅक: वरच्या टेकाडावरून सुटायचं, मातीचे उंचवटे पार करायचे, एक वळण घ्यायचं आणि रेषा गाठायची.

"पडली तर?"

"पडेलच की कधीतरी. कोण पडत नाही?"

प्लास्टरच्या खोलीत उभं राहून हे न बोलायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे नाही. ताईने माझ्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. कॉलेजात असताना याच खेळात ते मोडलं होतं. ताई तेव्हा हे काम शिकत होती आणि तिने घातलेलं पहिलं प्लास्टर माझंच. ते मनगट आजही पुरतं वळत नाही.

"एक फेरी," ती म्हणाली. "पडली की संपलं. सायकल विकायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ही अट तिने घरी जाऊन भिंगरीलाही ऐकवली. मला संताप आला. एवढ्याशा पोरीला असल्या अटी घालतात का? पण भावजींनी "तुम्ही दोघं बहीणभाऊ काय ते बघून घ्या" म्हणत हात वर केले, आणि भिंगरीने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. त्या दिवसापासून पोर रोज रात्री झोपताना मला फोन करून एकच विचारायची, "मामा, मी पडणार नाही ना?"

रविवारी ताई म्हणाली, "आज तिला मीच तयार करते." मी खूश झालो. म्हटलं, बाई विरघळली. लांब बाह्यांचा जाड शर्ट, गुडघ्यांना पॅड, हातमोजे, सगळं चढवून तिने भिंगरीला माझ्या ताब्यात दिलं आणि स्वतः खाली कुंपणाला टेकून उभी राहिली. सायकल घेऊन मी टेकाड चढलो. भिंगरी मागून येत होती. एरवी हिची बडबड थांबत नाही, पण आज तोंडातून शब्द नाही. घाबरली असेल, असं मला वाटलं.

वर लोखंडी गेट आडवं उभं असतं. पुढचं चाक त्याला टेकवायचं, दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे आणि तोल सांभाळायचा. लहान मुलांचं सीट मागून मोठ्या माणसाने धरलेलं चालतं. यंत्र पीप पीप करतं, गेट धाडकन पुढे पडतं आणि त्याच क्षणी धरणाऱ्याने सोडायचं. भिंगरीच्या दोन्ही बाजूंना आणखी मुलं होती. कोचबाई एकेकाच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघत पुढे गेल्या.

"पहिल्या उंचवट्याआधी ब्रेक आठवणीने दाबायचा बरं का सगळ्यांनी!" त्या ओरडल्या.

या सायकलला ब्रेक एकच, मागच्या चाकाचा, उजव्या हाताला. भिंगरीला बोट त्यावर ठेवून बसायची सवय मी लावली होती. आज तिचं बोट ब्रेकपर्यंत पोचतच नव्हतं. ती सारखी कोपर उचलून हात पुढे ढकलत होती, आणि मुठीत हँडल मावतच नव्हतं.

"भिंगरी, हँडल घट्ट धर."

"धरलंय," ती म्हणाली, पण आवाज रडवेला होता.

मी एका हाताने सीट धरून दुसऱ्या हाताने तिचं मनगट चाचपलं. मोज्याखाली टणक काहीतरी होतं. तळव्यापासून थेट कोपराच्या खालपर्यंत. हे काय आहे ते सांगायला मला मोजा काढायची गरज नव्हती. ते मी स्वतः महिनोन्‌महिने वागवलं होतं.

"आईने मामाला सांगू नको म्हटलंय," भिंगरी कुजबुजली.

"थांबवा!" मी ओरडलो. पण हेल्मेटं, पालकांचा गलका आणि पीप पीप, त्यात माझं कोण ऐकतंय! गेट धाडकन पडलं. बाकीची मुलं सुटली. भिंगरीने जीव खाऊन पेडल मारलं आणि मी दोन्ही हातांनी सीट आवळून धरलं.

"सोड ना मामा! सोड! गेले सगळे!"

मी सोडलं नाही. ती हुंदके देत पेडल मारत राहिली आणि मी तिला मागे ओढत राहिलो. सुटली असती तर त्या उतारावर ना ब्रेक, ना हँडलवर पकड. सगळा ट्रॅक माझ्याकडे बघत होता. बघू देत.

ताई धापा टाकत वर आली. "घाबरलास ना शेवटी? मोठ्या गप्पा मारत होतास."

"तिला ब्रेक दाबायला सांग," मी म्हणालो.

"काय?"

"सांग तर."

भिंगरीने प्रयत्न केला. बोटं वळवळली, पण ब्रेक हलला नाही.

"पण मी बघितलं होतं!" ताई म्हणाली. "घरी बोटं हलवून घेतली होती मी. छान हलत होती."

"बोटं हलतात गं. मूठ वळत नाहीये."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने भिंगरीचे मोजे काढले, चिकटपट्टी उकलली आणि दोन्ही मनगटांवरच्या प्लास्टरच्या पट्ट्या सोडवल्या. काम मात्र देखणं होतं, आत मऊ कापूस, कडा दुमडलेल्या. पोरीची मनगटं वाचावीत म्हणून रात्री बसून केलेलं. त्या पट्ट्या हातात धरून ती तशीच उभी राहिली.

कोचबाई आल्या. "काही अडचण आहे का? शेवटी हिला एकटीला सोडू शकते मी. सोडू का?"

ताई माझ्याकडे बघेना. भिंगरीने नाक पुसलं, मोजे चढवले आणि ब्रेक दाबून बघितला. मग म्हणाली, "आई, तू धर. मामा सोडत नाही."

मला वाटलं, ताई आता पोरीला उचलून घरी नेणार. तिने पट्ट्या माझ्या हातात कोंबल्या आणि सीट धरलं. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. पीप सुरू झालं.

"गेट पडलं की लगेच सोडायचं," मी म्हणालो. "जरा उशीर झाला तरी ती आडवी होईल."

"गप्प बस."

गेट पडलं. ताईचे हात उघडले.

भिंगरी खाली गेली. ब्रेक दाबला, पहिला उंचवटा पार. दुसराही. वळणावर झुकली, अगदी शिकवलं होतं तशी. शेवटच्या उंचवट्यावर तिचं पुढचं चाक तिरकं उतरलं, आणि सायकल एकीकडे, पोर दुसरीकडे.

आम्ही दोघंही घसरत, धडपडत खाली पोचलो. ताईने तिच्यापुढे गुडघे टेकले.

"बोटं हलवून दाखव."

हलली.

"आता मूठ वळव."

वळली. गुडघा मातीने भरला होता, बाकी सगळं धड होतं. भिंगरी गुडघ्याकडे बघतही नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"पडले मी," ती म्हणाली. "म्हणजे संपलं ना?"

ताईने तिच्या हेल्मेटवरची माती झटकली. मग शांतपणे म्हणाली, "कोण पडलं? गेट पडलं तेव्हाच मी डोळे मिटून घेतले होते. मला काहीच दिसलं नाही. ऊठ, रेषा अजून पुढे आहे."

मी वर तिच्या शेजारीच उभा होतो. तिने पापणीसुद्धा लववली नव्हती.