खिडकीतल्या थाळ्या

मावशींनी काचेची थाळी डोळ्यांपर्यंत उचलली. काल तिच्यात नुसता पिवळसर थर होता. आज त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके दाटले होते.

“खिडकीत कुणी ठेवल्या ह्या?” प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं.

“मीच. काल सकाळी कपाटाची फळी पुसली, अर्ध्या इथं ठेवल्या, त्या इथंच राहिल्या. वीस वर्षं तुमची काच घासतेय, एक तडा दाखवा!”

“तडा नाही हो, मावशी. ह्या अंधारात ठेवायच्या होत्या. जंतूंवर त्या जांभळ्या दिव्याची झळ सोडली होती, किती मरतात ते बघायला.”

बाईंनी कपाटातली थाळी शेजारी ठेवली. तिच्यात मोजून तीन ठिपके.

“तुमचे सगळे जगले,” बाई हताशपणे हसल्या. “झळेनं जंतूच्या आतला धागा, डीएनए, जागोजागी चिकटतो. पण जंतूच्या पोटातच एक कारागीर असतो. साधा उजेड मिळाला, की तो चिकटलेलं सोडवतो.”

“आणि अंधारात?”

“अंधारात दुसरे असतात. बिघडलेला तुकडा कापून नवा विणतात. पण घाव फार झाले, की पुरे पडत नाहीत.”

मावशी त्या तीन ठिपक्यांकडे पाहत राहिल्या.

दुपारी घरी आल्या, तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोटातलं मूल गेल्याला सव्वा महिना झाला होता. तिला माहेरी आणलं त्याच दिवशी मावशींनी खिडकीवर जाड चादर ठोकली होती, चांगली चार खिळ्यांनी. आपलं दुःख चव्हाट्यावर मांडणारं हे घर नव्हे! समोरच्या गच्चीवरल्या बायकांना काय, राईचा पर्वत करायला राईसुद्धा लागत नाही.

मावशींनी पहिला खिळा उपटला.

“आई, लोक बघतील.”

“बघू देत. माना त्यांच्याच आखडतील.”

“तूच म्हणालीस ना, कुणाला दिसायला नको?”

मावशींचा हात खिळ्यावर थांबला.

“म्हणाले. चुकले.”

हा शब्द लेकीनं या घरात पहिल्यांदाच ऐकला.

उरलेले खिळे निघाले, तशी चादर गळून पडली. उजेड फरशीवरून पाण्यासारखा सावकाश पसरत खाटेपर्यंत आला. धुळीचे कण त्यात तरंगू लागले. उजेडाची कड पावलाला लागली, तसं लेकीनं पाऊल पांघरुणात ओढून घेतलं.

मावशी पाठ करून खिडकीची काच पुसत राहिल्या. पुसून झाली तरी पुसत राहिल्या. काचेत मागची खाट अंधूक दिसत होती. बऱ्याच वेळानं पांघरुणाखालून एक अंगठा बाहेर आला, मग पाऊल. आणि उजेडात तसंच राहिलं.