उरलेली खरखर

पद्मानं ट्रान्झिस्टरचा काटा दोन स्टेशनांच्या मधोमध आणून सोडला आणि आवाज पुरता वाढवला. नुसती खरखर. लाकडी तखतावर बसलेल्या अकरा महिन्यांच्या विशाखानं डबीतला चमचा काढला, पुन्हा आत घातला. वळली नाही.

"झोप येऊन राहिली असंल तिला," म्हणत सोजराबाई आत आल्या. गुडघा दुखतो म्हणून सासूबाई नेहमी तखताच्या कडेला हात टेकूनच उभ्या राहत. "ए विशू!"

विशाखा झटकन वळली, हसली.

"बघ! आयकतंय का न्हाई लेकरू?"

वसमतचा डॉक्टर म्हणाला होता, वर्षाची होऊ द्या, मग बघू. तेवढं थांबणं पद्माला जमेना.

नांदेडच्या कॉलेजात सरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. दोघा शास्त्रज्ञांच्या अँटेनात सारखी खरखर यायची. कुठंही वळवा, तेवढीच. त्यांनी जोड तपासले, आत बसलेली कबुतरं हाकलली, त्यांची घाण पुसली. खरखर राहिलीच. ती विश्वाच्या आरंभापासूनची, असं पुढं ठरलं. त्यांना नोबेल मिळाल्याचं परवाच पेपरात आलं होतं. या रेडिओत ती सापडायची नाही, हे पद्माला ठाऊक होतं. पण सर म्हणायचे, एकेक कारण काढत जा. शेवटी उरेल ते मुकाट मानायचं.

सावली बघून विशाखानं वळू नये म्हणून तिनं खिडकी लावली होती. वारा लागू नये म्हणून दाराचा पडदा ओढला होता. आता तिनं विशाखाला उचललं आणि खाली घडी घातलेल्या वाकळीवर बसवलं.

"मारा हाक, आत्याबाई."

सोजराबाई जागच्या हलल्या नाहीत. "खाली काहून ठिवली? तखतावर ठिव."

"मारा ना."

"विशू… ए विशाखा!" त्यांचा आवाज चिरकला.

डबीत चमचा वाजत राहिला.

पद्मानं सासूच्या हाताकडे पाहिलं. तखताच्या कडेवर तो टेकलेला नव्हता. बोटं मिटलेली होती, हाकेसरशी लाकडावर ठोकायला.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आदीपासून."

"मग बोलला काहून न्हाई?"

"तू शिकलेली. तपासून राहिली होतीस." सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हनलं, तुह्या तपासात तरी दुसरं काही निघंल."

पद्मानं रेडिओ बंद केला. विशाखाला पुन्हा तखतावर ठेवलं आणि तिच्या पाठीमागं जाऊन लाकडावर बोटानं दोनदा ठोकलं.

विशाखानं मान वर केली. पाहिलं ते आधी आजीकडे.