हसण्यावारी नेलेली सभासद

सभेची वेळ टळून गेली तरी खुर्च्या भरेनात. धाराशिवच्या त्या सभागृहात पाहुणे येऊन बसले होते, चहा निवत चालला होता, आणि अध्यक्ष रणधीर यांचा पारा चढत होता. बागा, मैदानं, शाळांची आवारं आखणाऱ्या लँडस्केप आर्किटेक्ट मंडळींची ही विभागीय संघटना. नावं नोंदवलेले पुष्कळ. सभेला मात्र बोटांवर मोजण्याइतके!

"जो येणार नाही त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं," रणधीर कडाडले. "चारचौघांत लाज वाटली म्हंजे झक मारत येतील!"

मागच्या रांगेतून शंभुलिंगअण्णा उठले. उमरग्याचे, संघटनेतले सर्वांत जुने.

"लाज वाटली म्हणूनच तर येत न्हाईत, रणधीर. आणखी किती लाजवणार?"

"म्हणजे?"

"मुरुमची अर्पिता आठवते का?"

ती आठवत सगळ्यांनाच होती.

गेल्या वर्षी अर्पिता नवी सभासद झाली होती. बेंबळीकडच्या एका मुलींच्या शाळेचं मैदान आखायचं, हे तिचं पहिलंच काम. जाणत्यांनी चुका सांगाव्यात म्हणून मोठ्या हौसेनं तिनं आराखडा सभेत दाखवला. त्यात हिरवळ नव्हती, कारंजं नव्हतं. कडुनिंब, करंज, आणि मुलींना सावलीत डबा खाता यावा म्हणून गोल ओटे होते.

रणधीरांनी माईक ओढला. "बाई, हे लँडस्केप हाय का लग्नाचा मांडव? आता पंगतीला आचारी बी दाखवा!"

हशा पिकला. "सर, तिथं पाणी कमी, म्हणून..." तिचं वाक्य हशात बुडालं. कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत संस्थाचालकांच्या मोबाइलवर गेला, आणि त्यांनी तिचं काम काढून घेतलं. दिलं कुणाला? रणधीरांनाच! त्यांनी हिरवळ लावली. पहिल्याच उन्हाळ्यात ती जळून गेली. मुली आता भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभ्यानं डबा खातात.

"पण मी गंमत केली हो, अण्णा!" रणधीर म्हणाले.

"गंमत तुमची झाली. तिचं काय झालं, कुणी विचारलं? ते बघितल्यावर नवी पोरं तोंड उघडंनात, मग यायचीच बंद झाली. ग्रुपवर नावं टाकू नका. मुरुमला जा, तिला भेटा."

रणधीर गेले. मुरुमच्या बाजारात अर्पिताच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. अर्पिता एका गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होती. तिच्यापुढचं टेबल पाहून रणधीर थबकले. ते आराखडे काढायचं तिरकं टेबल होतं. सपाट करून त्यावर ब्लाउजपिसं मांडली होती.

त्यांनी नाव सांगताच सासू पार्वतम्मांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अस्सं! तुमीच का ते? तो व्हिडिओ आमच्या सगळ्या भावकीनं बघितला. सून कुणाच्या लग्नकार्याला जाईना. मीच म्हनले, बास कर तुझं ते कागदावर झाडं काढणं." मग त्यांचा आवाज खाली आला. "म्या बी हसले होते तवा. आता लई जिवाला लागतंय."

रणधीर अर्पिताकडं वळले. "चुकलं माझं. परत या. पुढच्या सभेत मुख्य भाषण तुमचं."

तिनं कापडाची घडी घातली. "मला भाषण नको होतं, सर. आराखड्यात चूक काय, तेवढं सांगितलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. आता पेन्सिल हातात धरवत नाही."

"थोडा विचार करा..."

"चहा घेऊन जा," ती शांतपणे म्हणाली, आणि दारात आलेल्या बाईला तिनं विचारलं, "काय दाखवू, मावशी?"

पुढच्या सभेत रणधीर व्यासपीठावर बसले नाहीत. मुरुमला जे पाहिलं ते त्यांनी स्वतःला जराही न वाचवता सगळ्यांसमोर सांगितलं. मग सृष्टी नावाच्या नव्या सभासदानं बसस्थानकामागच्या जागेचा आराखडा लावला. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"कोण हसलं?" रणधीर गरजले. "एकीचं आयुष्य मी हसण्यावारी घालवलंय. दुसरीचं घालवू देणार नाही!" मग आवाज उतरवून म्हणाले, "बोला सृष्टी. झाडांना पाणी कुठनं आणणार? आम्ही ऐकतोय."

सृष्टी बोलली. अडखळत, पण शेवटपर्यंत बोलली. हळूहळू सभासद येऊ लागले. अर्पिता मात्र आली नाही. अण्णा स्वतः दोनदा मुरुमला जाऊन आले, तरी नाही.

मित्रहो, आपली संघटना असो, महिला मंडळ असो की गल्लीतली सोसायटी. माणसं येत नाहीत म्हणून ओरडण्याआधी, आलेल्या माणसाशी आपण कसे वागलो ते आठवा. ज्याचं ऐकून घेतलं जातं, त्यालाच ती जागा आपली वाटते. आणि माफी मागितली म्हणून मोडलेलं मन जुळतंच असं नाही. तेव्हा आधीच जीभ आवरा!