जाईबाईची डावी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. नेमकं सांगायचं तर डावी. उजवीशी माझं फारसं पटत नाही, पण एकीवाचून दुसरीला कोणी विचारत नाही, म्हणून निभावून नेतो.

अचलपूरच्या देवमन कारागिरानं मला जाड कातड्यातून शिवलं. भातकुलीच्या जाईबाईनं मला विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी मी तिच्या अंगठ्याला चावले. तिनं मला चार शिव्या घातल्या, खोबरेल तेल चोळलं, आणि आमची गट्टी जमली. सहा वर्षं मी तिला रोज शाळेत नेलं. तिथं ती मुलांसाठी खिचडी शिजवते. माझा फटफट आवाज आला की पोरं ताटल्या धुवायला पळत.

मागच्या वर्षी मी तिच्या पायातून निसटायला लागले. पायरी चढताना ती भिंत धरी, हातातून कलथा पडे. लोक म्हणाले, वय झालं. कोणी म्हणालं, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा. जाईबाईचा राग मात्र माझ्यावर. सैल झाली म्हणून तिनं मला दोनदा शिवून आणलं. मी सैल नव्हते, मित्रांनो. तिची बोटंच मला धरत नव्हती. पण चपलेचं ऐकतो कोण?

मग एका पौर्णिमेला ती विहारात वंदनेला गेली. बाहेर चपलांचा हा ढीग. वंदना आटोपून आली ती उजवा पाय उजवीत आणि डावा पाय शेजारच्या नत्थुजींच्या भल्यामोठ्या चपलेत घालून, गप्पा मारत घरी निघून गेली. मी पायरीवर एकटीच. थोड्या वेळानं नत्थुजी मला हातात धरून, एका पायानं अनवाणी, तिच्या दारात हजर. सगळं घर हसलं. तिची लेक पिंकी तेवढी हसली नाही.

"माय, दोन बोटं मोठी चप्पल हाय. तुले समजलंच नाही का वं?"

जाईबाईनं ती मोठी चप्पल नत्थुजींपुढं सरकवली. मग हळूच म्हणाली, "पायाखाली जमीन हाय का नाही, तेच समजत नाही मले. शाळेतलं काम जाईन म्हनून बोलली नाही."

पिंकीनं तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हललाच नाही. नसांची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं की शरीराचे राखणदार रोगजंतूंशी लढायचं सोडून चुकून आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडतात, म्हणून निरोप पायापर्यंत पोचत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण लवकर पाठही सोडत नाही.

"म्हंजे रखवालदारानंच वावर खाल्लं म्हना," जाईबाई म्हणाली. डॉक्टर हसून हो म्हणाले.

दर महिन्याला सलाईनमधून औषध सुरू झालं. पायात पट्ट्यांचे बंद बूट आले आणि मी खाटेखाली गेले. कोळ्यानं माझ्यावर जाळं विणलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुख्याध्यापक उत्तमरावांनी तिला चुलीशी उंच स्टूल दिलं, काम टिकलं. मध्येच बरं वाटलं म्हणून तिनं औषध आपल्या मनानं बंद केलं, आणि महिन्याभरात पुन्हा भिंत धरू लागली. पिंकी तेव्हा रडली. त्यानंतर मात्र एकही खेप चुकली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या पायातून चप्पल सारखी निसटत असेल, तर हसू नका. त्यांना शेजारी बसवून विचारा.

परवा सकाळी झाडताना जाईबाईच्या हाताला मी लागले. तेलावाचून वाळून कडक झाले होते. तिनं मला झटकलं, सहज पाय घातला, आणि तोंड वाकडं केलं. मग खाटेवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पिंके," ती म्हणाली, "हे चावून राहिली मले."

पिंकी धावत तेलाची बाटली घेऊन आली. जाईबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे वं. चावू दे जराशी."