सोड्यांची बरणी

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी कोळंबीचं कालवण वाढलं आणि तासाभरात माझ्या अंगभर गांधी उठल्या. लालबुंद, खाजवून खाजवून जीव नकोसा झाला. "पित्त उठलां," म्हणत त्यांनी आमसुलं भिजवून अंगाला चोळली, वर घोंगडी पांघरली. मला वाटलं, किती माया! गाढव होते मी.

पुन्हा तसंच झालं, तेव्हा परळच्या डॉक्टरांनी कोळंबी कायमची बंद केली. सासूबाई म्हणाल्या, "मासळी बाधता, असां आमच्यात कधी कोणी आयकूक नाय. साफ करूचो कंटाळो, दुसरां काय!" घोडपदेवची आमची चाळ. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या मजल्यांवर पोचलं. मी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून कोळंबी सोलायची, तेव्हा बायका मुद्दाम दारात येऊन बघायच्या. नवरा, निलेश, एवढंच म्हणायचा, "आई जुन्या वळणाची आहे गं. मनावर नको घेऊस."

एकदा वांग्याची भाजी खाल्ली आणि ओठ सुजले, श्वास कोंडला. इंजेक्शन घेऊन घरी आले तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सोड्यांची पूड घातलंय, चिमूटभर. खरां की नाटक, ता बघूक." सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबीच. निलेश टीव्ही बघत बसला होता. त्याने आवाज थोडा कमी केला, बस.

मनू झाल्यावर मी तिला कोळंबीपासून लांबच ठेवलं. पण गेल्या रविवारी मी नळावर असताना आजीने पाच वर्षांच्या नातीला सोड्यांचा भात भरवला. मी आले तेव्हा पोर मान ओरबाडत रडत होती. गळ्यापासून पोटापर्यंत गांधी.

आमसुलं कुणी भिजवली नाहीत. सासूबाईंनी सोड्यांची अख्खी बरणी कचऱ्याच्या डब्यात पालथी केली आणि किंचाळल्या, "निलेश, टॅक्सी आण! पोरगी जायत माझी!"

दवाखान्यातून आल्यावर मनू झोपली. मी तिच्या उशाशी बसून वाट बघत होते. माफी नको होती मला. 'तुझां खरां होतां' एवढं म्हटलं असतं तरी मी सगळं गिळलं असतं.

सासूबाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आमच्या घराण्यात ह्यां कोणाक नाय. तुझ्याकडनाच इलां पोरीक."

निलेशने मान डोलावली. सहा वर्षांनी त्या घरात माझ्या गांधी खऱ्या ठरल्या.