गायक : कॉम्प्युटर

टाळ्या वाजल्या, एकाच गाण्याची ती सीडी मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव यांच्या हस्ते प्रकाशित झाली आणि एक प्रत फिरत फिरत स्टेजवर मागे उभ्या असलेल्या डान्सर मुलींपर्यंत आली. त्यांच्यातल्या गुंजनने ती उलटून पाहिली. गाणं : रेंज नाई. संगीत : धीरज. नृत्य : रोबो डान्स ग्रुप, पुलगाव. गायक : कॉम्प्युटर.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गाणं तिने गायलं होतं. ऐन मे महिन्यात, धीरजच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून. आवाज रेकॉर्ड होतो म्हणून कूलर बंद, पंखाही बंद. आमच्याकडचा मे ज्याने अंगावर काढला नाही, त्याला यातलं काही कळायचं नाही. एकेचाळीस वेळा गायली ती. मग धीरजने तो आवाज मशीनमधून काढून रोबोसारखा केला. तेही तिला आवडलं होतं. पण नाव?

तिसऱ्या रांगेत तिचे वडील प्रभाकरराव शाळेतल्या चार मास्तरांना घेऊन बसले होते. मुलीचं नाव छापून येणार, असं त्यांनी आठवडाभर स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. आता चष्मा कपाळावर चढवून ते हातातल्या प्रतीच्या कव्हरचा कोपरान् कोपरा शोधत होते. ते पाहून तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

"माह्यं नाव काऊन नाई?" तिने धीरजला गाठलं.

"अवं, हळू बोल. गाणाऱ्या पोरी तं गल्लोगल्ली हायेत. काम्पुटर गाते म्हटलं का लोक ऐकतेत. ग्रुपचंच नाव होते ना."

"मंग संगीतातबी काम्पुटरच टाकाचं होतं! तुह्यं नाव काऊन टाकलं?"

तेवढ्यात माइकवर गायकाच्या सत्काराची घोषणा झाली. दोन हजार चार साल ते. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी कॉम्प्युटर फक्त रेल्वेच्या तिकीटखिडकीपलीकडे पाहिलेला. स्टेजवरच्या कॉम्प्युटरला आधीच हळदकुंकू लावून झालं होतं. मधुकरराव पुढे झाले आणि त्यांनी मॉनिटरला शाल पांघरली. समोर नारळ ठेवला. वर हातही जोडले! लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि शरमेची गोष्ट अशी, की मास्तरांना पाहून प्रभाकररावांनीही वाजवल्या.

"आता याले म्हणा, आमच्या मंडळाचं नाव घेऊन एक ओळ गा," मधुकरराव खुशीत म्हणाले.

रेकॉर्ड केलेल्या गाण्याशिवाय कॉम्प्युटर काय गाणार? धीरजने गुंजनचा दंड धरून तिला पडद्यामागे ढकललं, आवाज बदलणाऱ्या मशीनला जोडलेला माइक तिच्या हातात कोंबला. "गा न वं. हात जोडतो."

तिने माइक तोंडाशी धरला. मशीनचा तो खरखरीत, लोखंडी आवाज सभागृहभर घुमला. "माह्यं नाव गुंजन. गाणं म्या गायलं."

लोक खूश! "आयला, काम्पुटरनं सोताचं नावबी ठेवलं!" कुणीतरी ओरडलं, आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. माइकसकट वायर ओढत ती पडद्याबाहेर आली. "म्या गायलं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून तोच लोखंडी आवाज निघाला.

"वा वा! पोरगी काम्पुटरची नक्कल लय भारी करून राह्यली," मधुकररावांनी दाद दिली.

"ही आमची डान्सर," धीरज घाईघाईने म्हणाला.

तिने वायर उपटून फेकली. दोन्ही हात कमरेवर ठेवून, नुसत्या गळ्याने, तिने गाण्याची पहिली ओळ म्हटली. आवाज रागाने थरथरत होता, पण ओळ तीच होती, लय तीच, शेवटचा हेलकावाही तोच. प्रभाकरराव ताडकन उभे राहिले. त्यांना कळलं. बहुधा त्यांना एकट्यालाच.

"बस झालं! काम्पुटरचा आवाज लावा!" मागून आरोळी आली. मग सगळेच ओरडू लागले. लावा, लावा!

गुंजन धीरजकडे वळली. "लाव," ती म्हणाली. "ऐकू नाई आलं? लोक मले बलावून राह्यले. लाव!"

धीरजचं बोट बटनाजवळ गेलं आणि तिथेच राहिलं.